‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पूर

पूररेषेमागचे गणित जुने झाले आहे. ज्यांच्या घरावरून ती रेषा जाते, त्यांना ते कुणी नीट समजावून सांगितलेलेही नाही.

शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडीत कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचे देऊळ आहे. पावसाळ्यात नदी चढली की पाणी देवळात शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या वेळी भाविक स्नानाला गर्दी करतात. यालाच ‘दक्षिणद्वार सोहळा’ म्हणतात. पाणी चढू लागले की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवायची, हे तेथे ठरलेले आहे. नदी देवळात येणार हे गृहीत धरूनच तेथील व्यवहार चालतो. याच कृष्णेचे पाणी थोड्या वरच्या अंगाला सांगलीच्या गावभागात किंवा पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या व्हीनस कॉर्नरला आले की त्याला आपत्ती म्हणावे लागते. नदी तीच आणि पाऊसही तोच. फरक पडतो तो पाण्याच्या वाटेत काय उभे केले आहे आणि त्या पाण्यासाठी कितपत तयारी केली आहे, यामुळे.

पूर-जोखमीचा अभ्यास करणारे शास्त्र गेली कित्येक दशके हेच सांगते आहे. या शास्त्रात जोखीम तीन गोष्टींनी ठरते. पहिली, पाणी किती आणि किती वेळा येणार. दुसरी, त्या पाण्याच्या टप्प्यात माणसे, घरे, गोठे, दवाखाने, पंपघरे किती. तिसरी, पाणी आल्यावर त्यांचे किती बिघडणार आणि ते किती लवकर सावरणार. यातील एक गोष्ट शून्य असेल तर जोखीमही शून्य. निर्मनुष्य खोऱ्यात कितीही मोठा पूर आला तरी त्याची बातमी होत नाही. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिले की, नदीकाठी बांध घालण्यावर मोठा खर्च होऊनही पुराचे नुकसान कमी होत नाही. बांधाच्या भरवशावर लोक नदीला आणखी खेटून वस्ती करतात आणि बांधावरून पाणी गेले की पूर्वीपेक्षा जास्त गमावतात. कृष्णा खोऱ्यात २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिल्यावर या निष्कर्षाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. तरीही प्रत्येक पुरानंतर चर्चा होते ती पहिल्याच गोष्टीची, म्हणजे पाणी कुठून आले आणि कुणी सोडले याची. उरलेल्या दोन गोष्टी पंचनाम्याच्या कागदांत राहून जातात.

त्यातही पहिल्या गोष्टीचा हिशेबसुद्धा सर्वसामान्यांना नीट माहीत नाही. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखल्या जातात. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपात्र ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र आणि निळी ते लाल रेषा हे नियंत्रित क्षेत्र. हे नियम राज्यात १९८९पासून आहेत. घोटाळा होतो तो ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी. २००५मध्ये मोठा पूर येऊन गेला, म्हणजे आता नातवंडांच्या काळापर्यंत चिंता नाही, असे हे शब्द ऐकणाऱ्याला वाटते. मग चौदा वर्षांनी त्याहून मोठा पूर येतो, त्यानंतर दोनच वर्षांनी आणखी एक येतो आणि शास्त्रज्ञांना काही कळत नाही, असा निष्कर्ष काढला जातो.

या शब्दांचा खरा अर्थ इतकाच की, कोणत्याही एका वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक आहे. एका पिशवीत नव्व्याण्णव पांढऱ्या गोट्या आणि एक लाल गोटी आहे, अशी कल्पना करावी. दर पावसाळ्याला डोळे मिटून एक गोटी काढायची, पाहायची आणि परत पिशवीत टाकायची. यंदा लाल गोटी निघाली म्हणून पुढच्या वर्षी ती निघण्याची शक्यता कमी होत नाही, कारण ती पुन्हा पिशवीतच असते. नदीला मागच्या वर्षीची आठवण नसते.

हे गणित माणसाच्या आयुष्याच्या मापाने मांडले की त्याचा अर्थ बदलतो. एखाद्या कुटुंबाने लाल रेषेवर घर घेतले आणि त्यासाठी वीस वर्षांचे कर्ज काढले, तर कर्ज फिटण्याच्या आत त्या घरात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के आहे. घर निळ्या रेषेवर असेल तर हीच शक्यता ५६ टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे निम्म्याहून अधिक. रेषेच्या आत, नदीकडे जितके सरकावे तितका हा आकडा वाढतो. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून घर घेणारा माणूस ‘कर्ज फिटेपर्यंत पाचात जवळपास एक’ हे ऐकून दोनदा विचार करेल. दोन्ही विधाने एकाच गणिताची आहेत. पण सरकारी नकाशात पहिले लिहिले जाते आणि दुसरे कुणी सांगत नाही. खरेदीखतात तर दोन्ही नसतात.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ती लाल गोटी खरोखर शंभरात एकच आहे का? पूररेषा काढताना नदीच्या मोजणी केंद्रावरील दर वर्षीचा सर्वांत मोठा प्रवाह घेतला जातो. चाळीस-पन्नास वर्षांच्या अशा नोंदींना संख्याशास्त्रातील एखादे सूत्र लावून शंभर वर्षांतील पुराचा अंदाज बांधला जातो. जर्मन गणितज्ञ एमिल गुंबेल यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत यासाठी जगभर वापरतात. पद्धतीत खोट नाही, पण तिला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे पन्नास वर्षांच्या नोंदींवरून शंभर वर्षांचा अंदाज करताना चूक होण्याची जागा मोठी असते. त्यातच महापुराच्या दिवशी मोजणीची साधनेच पाण्याखाली गेली की नेमका सर्वांत महत्त्वाचा आकडा अंदाजाने भरावा लागतो. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. भूतकाळात नदी जशी वागली तशीच ती पुढेही वागेल, हे या पद्धतीचे गृहीतक आहे. पावसाचे स्वरूप आणि नदीचे खोरे दोन्ही बदलत असताना हे गृहीतक संपल्यातच जमा आहे, असे जलशास्त्रज्ञांच्या एका गटाने २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ठामपणे मांडले. त्यानंतर या विषयातील संशोधनाची दिशाच बदलली.

पावसाबाबतचा पुरावा आता पुरेसा आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. त्यामुळे पाऊस पडायला लागला की तो कमी वेळात जास्त पडण्याची शक्यता वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी पडणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पातील वाढते चढउतार हे त्यामागचे कारण त्यांनी दिले. मुंबईने २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिला. त्याच दिवशी त्याच शहरातील कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पडला नाही. असे तुकड्या-तुकड्यांत कोसळणारे पाऊस जुन्या नोंदींच्या सरासरीत बसत नाहीत.

कृष्णेच्या तीन महापुरांवरून ‘आता शक्यता शंभरात दोन झाली’ असे ठामपणे म्हणता येणार नाही. तीन घटना हा संख्याशास्त्रासाठी तोकडा पुरावा आहे. मात्र ती शक्यता खरोखरच शंभरात दोन झाली असेल, तर लाल रेषेवरच्या त्या घराची वीस वर्षांतील जोखीम १८ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर जाते. म्हणजे नकाशावरची रेषा जागची हलली नाही तरी घर नदीच्या जवळ गेले. जुन्या नोंदींवर काढलेली पूररेषा ठरावीक वर्षांनी नव्या नोंदींसह पुन्हा तपासली पाहिजे, ती यासाठीच. प्रत्यक्षात पूररेषेचा विषय निघतो तो बहुधा ती नदीकडे सरकवून बांधकामाला जागा मोकळी करण्याच्या मागणीने.

पाऊस न बदलताही पूर बदलू शकतो, हे तर अनेकदा विसरले जाते. महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरणारी कृष्णा सांगलीच्या परिसरात येईपर्यंत सपाट मुलखात पोहोचते. कऱ्हाडला कोयना, हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा तिला मिळते. कोल्हापूरच्या पंचगंगेलाही कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती अशा नद्यांचे पाणी येऊन मिळालेले असते. सह्याद्रीच्या माथ्यावर या सर्व नद्यांच्या उगमांपाशी एकाच वेळी मुसळधार पाऊस झाला, तर सगळे पाणी जवळपास एकाच वेळी या सपाट पट्ट्यात येते. तेथे उतार कमी असल्याने ते पुढे सरकायला वेळ घेते आणि आडवे पसरते. या पसरण्याच्या जागेत पुलांचे भराव, रस्ते, भिंती आणि प्लॉट पाडून बांधलेली घरे आली, ओढ्या-नाल्यांची तोंडे बुजली, की तेवढ्याच प्रवाहाला पाण्याची पातळी अधिक चढते. पुणे-बेंगळूरु महामार्गाचा भराव पाण्याला अडवतो, ही शिरोली परिसरातील तक्रार जुनी आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी हाच महामार्ग पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद राहिला. कोल्हापूरला येणारे इंधन थांबले आणि मुंबईला जाणारे दूधही.

आणि मग अलमट्टी. २०१९च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या महापुराला अलमट्टीचा फुगवटा कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला. तो खोऱ्यातील अनेक कार्यकर्त्यांना आणि काही अभ्यासकांना मान्य नाही. कर्नाटकाला या धरणाची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायची आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१०मध्ये त्याला मुभा दिली होती आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. सांगलीपासून नदीच्या वाटेने दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या धरणाचा फुगवटा कुठपर्यंत येतो, हा घोषणांनी सुटणारा प्रश्न नाही. नदीच्या तळाची आजची मोजणी, मधल्या बंधाऱ्यांचा आणि पुलांचा अडथळा, साचलेला गाळ आणि प्रत्येक टप्प्यावरचा प्रवाह यांची माहिती संगणकीय प्रतिमानात घातली, तर तो बऱ्याच अंशी सुटू शकतो. त्यासाठी दोन्ही राज्यांनी एकच माहिती एकाच टेबलावर ठेवायला हवी. आपापली माहिती आपापल्या राज्यात ठेवून आपापल्या समित्यांकडून हवा तो निष्कर्ष काढायचा, ही पद्धत न्यायालयात उपयोगाची असेल. पूरग्रस्ताला तिचा उपयोग नाही.

दुसरीकडे हे झालेले आहे. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातील स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या देशांचा संयुक्त आयोग १९५०पासून काम करतो. याच देशांपैकी काही त्याआधी पाचच वर्षे एकमेकांशी युद्ध करत होते. १९९३ आणि १९९५च्या पुरांनंतर, ज्यात एकट्या नेदरलँड्समध्ये सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले होते, या आयोगाने १९९८मध्ये पुराचा संयुक्त कृती आराखडा केला आणि २००१मध्ये संपूर्ण नदीच्या पूर-जोखमीचे नकाशे प्रसिद्ध केले. नेदरलँड्सने बांध आणखी उंच करत बसण्याऐवजी अनेक ठिकाणी ते मागे घेतले आणि नदीला पसरायला जागा करून दिली. काही शेतकऱ्यांना त्यासाठी हलावे लागले. त्यांच्याशी वर्षानुवर्षे बोलणी झाली. व्यापारासाठी सीमा सैल करणारे देश पुरासाठीही त्या सैल करू शकतात. महाराष्ट्र आणि कर्नाटक तर एकाच देशातील दोन राज्ये आहेत. २०२१च्या जूनमध्ये दोन्ही राज्यांच्या मंत्र्यांनी धरणांच्या विसर्गाबाबत समन्वयाची बैठक घेतली, हे योग्यच झाले. पण समन्वय मंत्र्यांच्या भेटीवर अवलंबून राहता कामा नये. प्रत्येक धरणाची पातळी, आवक आणि विसर्ग यांचे दर तासाचे आकडे दोन्ही बाजूंच्या नागरिकांना एकाच ठिकाणी दिसले पाहिजेत.

धरणांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. पाऊस संपेपर्यंत धरण भरलेले हवे, कारण त्यावर वर्षभराचे पिण्याचे पाणी, शेती आणि वीज अवलंबून असते. पुरासाठी मात्र धरणात मोकळी जागा हवी. जुलैत जागा ठेवली आणि ऑगस्टमध्ये पाऊस रुसला तर दोष अभियंत्याला. जागा ठेवली नाही आणि पाऊस कोसळला तरी दोष अभियंत्यालाच. २०१९च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात खोऱ्यातील अनेक धरणे जवळपास भरलेली असतानाच पावसाचा मोठा टप्पा आला. अशा वेळी निर्णयाला आधार देतो तो शक्यतांच्या भाषेतला अंदाज. हवामानाचे एकच भाकीत न करता थोड्या-थोड्या वेगळ्या सुरुवातीने अनेक भाकिते करायची आणि त्यातील किती भाकितांत मोठा पाऊस दिसतो ते पाहायचे, ही पद्धत भारतात जून २०१८पासून बारा किलोमीटरच्या जाळीवर वापरात आहे. मे २०२५मध्ये पुण्याच्याच संस्थेने विकसित केलेली सहा किलोमीटर जाळीची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. शास्त्र पुढे गेले आहे. ‘पुढील पाच दिवसांत मोठ्या पावसाची शक्यता सत्तर टक्के’ असे कळल्यावर किती पाणी सोडायचे याचा नियम आधीच लिहिलेला असेल, तरच या शास्त्राचा धरणावर उपयोग होतो. नाही तर तो अभियंता वरिष्ठांच्या फोनची वाट पाहत बसतो. राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांचे कोल्हापूरकरांना कौतुक आहे ते उगाच नाही. पाणी ठरावीक पातळीला आले की ते कुणाच्या आदेशाविना उघडतात. मात्र ते धरण भरल्यावर उघडतात. आज गरज आहे ती धरण भरण्याआधी निर्णय घेणाऱ्या, तितक्याच निःसंदिग्ध नियमांची.

लोकांपर्यंत हा अंदाज कसा पोहोचतो, हाही जोखमीचाच भाग आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ती अनुक्रमे ३९ आणि ४३ फूट. २०१९मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेले. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर यांसारख्या सखल वस्त्यांतील जुन्या रहिवाशांना आयर्विनला किती फूट झाले की आपल्या गल्लीत पाणी येते, हे अनुभवाने ठाऊक आहे. ते पाण्याची पातळी ऐकून सामान वर चढवतात. पण ज्यांच्याकडे त्याआधी कधीच पाणी आले नव्हते, त्यांना ५५ फुटांचा अर्थ काय हे कुणी सांगितलेले नव्हते. ‘सतर्क राहावे’ या सूचनेतून तो कळतही नाही. कित्येक कुटुंबे घरातच थांबली आणि नंतर त्यांना बोटीने बाहेर काढावे लागले. ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसे बुडाली, ती या उशिराचीच किंमत होती. आयर्विन आणि राजाराम बंधाऱ्यावरच्या प्रत्येक फुटाला कोणती गल्ली, कोणता रस्ता, कोणती शाळा पाण्याखाली जाते याचा तक्ता वॉर्डावॉर्डांत लावणे, विजेच्या खांबांवर २०१९ आणि २०२१च्या पातळीच्या रंगीत खुणा करणे, याला फार मोठा खर्च लागत नाही. त्याने अंदाज लोकांच्या भाषेत येतो.

जोखमीतील तिसरी गोष्ट, म्हणजे सावरण्याची ताकद, आरोग्याशी सर्वांत जवळून जोडलेली आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. पुराचे मृत्यू बुडून होतात, ही समजूत अपुरी आहे. पाणी चढताना बुडणे, विजेचा धक्का आणि कोरड्या जागेच्या शोधात घरात शिरलेल्या सापांचा दंश हे धोके असतात. पाणी उतरताना दूषित पाण्याचे आजार येतात: अतिसार, विषमज्वर, कावीळ. त्याच सुमारास लेप्टोस्पायरोसिस डोके वर काढतो. आणखी काही आठवड्यांनी साचलेल्या स्वच्छ पाण्यातील डासांमुळे डेंगी येतो. या टप्प्यांचा क्रम माहीत असल्याने तयारीही क्रमाने करता येते.

लेप्टोची साथ २००५च्या मुंबईतील पुरानंतर सर्वांच्या लक्षात आली. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून हे जिवाणू पाण्यात आणि चिखलात मिसळतात आणि पायावरच्या छोट्या जखमेतून, भेगांतून शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात: ताप, डोकेदुखी, पोटऱ्या आणि अंग विलक्षण दुखणे, डोळे लाल होणे. सुरुवातीला हा साधा ताप वाटतो. उपचाराला उशीर झाला तर यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वेळेत सुरू केलेल्या साध्या प्रतिजैविकांनी तो बरा होतो. पुराच्या पाण्यात वावरलेल्या व्यक्तीने डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक मात्रा घेण्याची पद्धतही रूढ आहे, मात्र गर्भवती आणि लहान मुलांना हे औषध परस्पर देऊ नये. पूर ओसरल्यावर घराघरांतला चिखल काढणारे हात बहुतेक वेळा सफाई कामगारांचे, घरच्या बायकांचे आणि मदतीला आलेल्या तरुणांचे असतात. त्यांना गमबूट आणि हातमोजे मिळाले का, हा आरोग्य विभागाने पहिल्याच दिवशी विचारायचा प्रश्न आहे.

पिण्याच्या पाण्याचे तसेच. विहिरीत हजार लिटर पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर घालून किमान एक तास थांबायचे, हे प्रमाण आरोग्यसेवकांना पाठ असते. अडचण येते ती पावडर जुनी, ओल लागलेली आणि क्लोरिन उडून गेलेली असल्याने. २०१९ आणि २०२१मध्ये कोल्हापूरला पाणी पुरवणारी उपसा केंद्रेच पाण्याखाली गेली. शहराभोवती पाणीच पाणी आणि नळ कोरडे, अशी अवस्था झाली आणि टँकरसाठी रांगा लागल्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी एका कोविड रुग्णालयात शिरले, वीज गेली आणि रुग्ण दगावले. रुग्णालयाचे जनित्र, प्राणवायूची व्यवस्था आणि औषधांचे भांडार तळमजल्यावर किंवा तळघरात ठेवण्याची पद्धत राज्यभर आहे. तळमजल्यावर जागा सोयीची असते हे खरे, पण पूर येतो तो तिथेच.

याखेरीज पुराच्या आकडेवारीत न दिसणारा आणखी एक गट आहे: मधुमेहाचे इन्सुलिन, रक्तदाबाच्या आणि क्षयरोगाच्या गोळ्या, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस यांवर जगणारे रुग्ण आणि दिवस भरत आलेल्या गर्भवती. रस्ते आठवडाभर बंद झाले की त्यांच्या जिवाशी गाठ पडते. त्यांची नावे आणि पत्ते आशासेविकांकडे आधीपासून असतात. इशारा पातळीलाच या लोकांना हलवायचे, धोका पातळीची वाट पाहायची नाही, एवढा एक नियम केला तरी अनेक जीव वाचतील. पूर गेल्यावर महिनोन्‌महिने झोप न लागणे, पावसाचा आवाज आला तरी छातीत धडधडणे, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांनाही उपचार हवे असतात. सानुग्रह अनुदानाच्या अर्जात त्यासाठी रकाना नसतो.

यावर विद्यापीठांतील संशोधन काय करू शकते? भरपूर, आणि त्यातील बरेच झालेही आहे. शिवाजी विद्यापीठ, सांगलीचे वालचंद महाविद्यालय, मुंबईची आयआयटी, पुण्याच्या संस्था यांच्याकडे जलशास्त्र, हवामान, भूगोल जाणणारी माणसे आहेत. अडसर आहे तो नदीची माहिती त्यांना सहज न मिळण्याचा आणि त्यांचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत न पोहोचण्याचा. जलशास्त्रज्ञ पाण्याची खोली काढतो, डॉक्टर रुग्ण मोजतो, अर्थतज्ज्ञ नुकसानीचा हिशेब करतो. तिघांचे नकाशे एकमेकांवर ठेवले की कोणत्या गल्लीत किती फूट पाणी, तेथे किती वृद्ध, कोणता दवाखाना बंद पडणार हे दिसते. पूर-जोखीम म्हणतात ती हीच.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. प्रत्येक पूररेषा २०१९ आणि २०२१च्या नोंदींसह पुन्हा काढावी आणि ठरावीक वर्षांनी तपासावी. नदीकाठच्या प्रत्येक खरेदीखतावर त्या मालमत्तेची वीस वर्षांतील पुराची शक्यता टक्क्यांत छापावी. लाल रेषेच्या आतील प्रत्येक रुग्णालय, पंपघर आणि वीज उपकेंद्राची तपासणी करून महत्त्वाची यंत्रे वर चढवावीत. दोन्ही राज्यांनी नदीची माहिती खुली करावी. यातील एकाही कामासाठी नव्या शोधाची गरज नाही.

या कामांची आठवण ऑगस्टमध्ये होते आणि दिवाळीपर्यंत ती पुसली जाते. तोपर्यंत भिंतीवरची पुराची ओल वाळलेली असते आणि पात्राजवळचा एखादा प्लॉट पुन्हा विक्रीला निघालेला असतो. तो घेणाऱ्याला निदान त्याच्या कर्जाच्या मुदतीत पाणी घरात येण्याची शक्यता किती, हे व्यवहाराआधी माहीत असले पाहिजे. ते सांगण्याची जबाबदारी सरकारची आहे.